इनामाची गोळी

“गोळ्या किती घेता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“गोळ्या? छे, छे! आपल्याला औषधाची सवयच नाही, मॅडम. मातीतला माणूस आहे मी.”

माझ्या पाठीमागं बायको खोकली. शालनचं खोकणं म्हणजे काय, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं.

“अहो, डोकं दुखल्यावर काहीतरी घेतच असाल की.”

“ती होय! ती आपली साधी, डोकेदुखीची. ती काय औषधात धरायची?”

“मी तीच विचारतेय. किती?”

“एखादी. लईच झालं तर दोन.”

आता शालन खुर्चीतून पुढं सरकली. “डॉक्टर, यंदा आमच्या शाळूला पाखरं लई होती. ह्यांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं दोऱ्यात ओवली आणि बांधली रानभर. उन्हात चकाकत्यात, पाखरू फिरकत न्हाई. आमच्या रानाला पुरून उरली, ती जावेच्या रानाला दिली.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मनापासून हसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “सर्जेराव, आता खरं सांगा.”

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी सर्जेराव खोचरे, मुक्काम बोरशिंगे. धंदा कुस्तीचं निवेदन. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात माईक हातात घेऊन जो माणूस घसा फोडून सांगतो, की हा अमक्या तालमीचा पठ्ठ्या, हा तमक्या वस्तादांचा चेला, आता पट काढला, आता घिस्सा मारला, तो माणूस म्हणजे मी. गुढीपाडवा झाला की आमचा हंगाम सुरू. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. डोक्यावर ऊन, नाकात धुरळा, कानाशी हलगी, पुढ्यात भोंगा. डोकं दुखणार नाही तर काय होणार? दुखलं की गोळी. पुढंपुढं तर दुखायच्या आधीच गोळी. पहिलवान जसा मातीला नमस्कार करतो, तशी मी माईक हातात घेण्याआधी गोळी तोंडात टाकायचो.

तरी डोकं दुखायचंच. सकाळी डोळा उघडायच्या आधी ते जागं व्हायचं.

उपायात काही कसूर ठेवली नव्हती, बरं का. चष्मा लावला. नाकाचा फोटो काढला. कुणीतरी म्हणालं दाताची कळ डोक्यात जाते, म्हणून चांगली धडधाकट दाढ उपटून घेतली. नाकात तूप सोडलं, पित्ताचा काढा प्यालो, अंगारा लावला. प्रत्येकानं विचारलं, “दुखतंय कुठं?” गोळ्या किती खाताय, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चहा किती पिता ते कुणी वैद्याला सांगतं का? तशीच ती गोळी.

शेवटी घडलं काय, तर शेजारच्या गावच्या मैदानात डोकं असं ठणकलं, की डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पडलेल्या पहिलवानाला विजयी म्हणून जाहीर केला. त्याच्या माणसांनी त्याला लगेच खांद्यावर घेतला. आता खांद्यावर चढलेला माणूस खाली उतरतोय होय? दोन्ही गावं एकमेकांच्या अंगावर गेली. पंचांनी मिटवलं म्हणून निभावलं. पण बातमी आमच्या गावात माझ्या आधी पोचली. जत्रा कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आप्पा मगदूम. त्यांनी मला तालमीत बोलावून तोंडावर सांगितलं, “सर्जा, तुझा बा या मैदानात निवेदन करत होता, म्हणून यंदा माईक तुझ्याकडं ठेवतोय. पण परत असली गफलत झाली, तर मैदानातच माईक काढून घेणार. तालुक्याच्या विश्वजितला बोलवून ठेवलाय. बाजूला बसंल.”

विश्वजित म्हणजे नव्या दमाचा गडी. डोळ्यांवर गॉगल, तोंडात हिंदी शायरी. सगळ्या जिल्ह्याचे माईक गेले तरी चालतील, पण आपल्या गावचा माईक? तो गेला तर चावडीवरनं मान वर करून जायचं कसं? त्याच आठवड्यात शालननं मला धरून मिरजेला डॉ. मुजावर बाईंच्या दवाखान्यात आणलं होतं. डोक्याच्याच डॉक्टर होत्या त्या. वयानं लहान, पण विचारणं असं, की पंचांनी झक मारावी.

मी खरं ते सांगितलं. रोज चार-पाच गोळ्या. किती वर्षं? ते मलाही आठवेना.

“तुमची मूळची अर्धशिशी असणार,” त्या म्हणाल्या. “पण आता रोज दुखतंय ते गोळ्यांनी. पहिल्यांदा दुखत होतं म्हणून घेत होता. आता घेताय म्हणून दुखतंय. गोळीचा अंमल उतरला की डोकं पुढची गोळी मागतं.”

“म्हंजे दारातल्या मांजराला रोज दूध घालावं तसं,” शालन म्हणाली. “एक दिवस न्हाई घातलं, की जास्तच वरडतंय.”

“अगदी बरोबर. आणि काही दिवस घातलंच नाही, की ओरडून ओरडून निघून जातं. गोळ्या बंद करायच्या, सर्जेराव. एकदम.”

“आणि दुखलं तर?”

“दुखणारच. आठ-दहा दिवस आत्तापेक्षा जास्त दुखेल. मळमळेल, झोप लागणार नाही, चिडचिड होईल. मी एक वेगळं औषध देते, ते रोज झोपताना घ्यायचं. ते दुखणं मारायचं नाही, येऊ नये म्हणून आहे. त्याला वेळ लागतो. अगदीच सहन झालं नाही, उलट्या थांबेनात, तर औषधाच्या दुकानात जायचं नाही. इथं यायचं.”

“मॅडम, आमच्या गावचं मैदान येत्या आठवड्यातच आहे. ते झालं की बंद करतो. शब्द आहे पहिलवानाचा.”

“त्याच्यानंतर मैदान नाही?”

आता खोटं काय बोलणार? त्याच्यानंतर ओळीनं सगळ्या वाळवा-शिराळ्याच्या जत्रा होत्या.

“मग आजपासून,” त्या म्हणाल्या.

मी बाहेर आलो. तिथला कंपाउंडर कुस्तीशौकीन निघाला. त्याला मी एक जुनी गाजलेली कुस्ती सलामीपासून निकालापर्यंत सांगितली, तरी शालन आतच. आली तेव्हा म्हणाली, “पथ्यपाणी विचारत हुते.”

पुढचे दिवस काय सांगू! पहिल्या दिवशी ऐटीत होतो. दुसऱ्या दिवशी डोक्यात कुणीतरी उखळ-मुसळ घेऊन बसलं. तिसऱ्या दिवशी मी परसातल्या कोंबड्याला शिव्या घातल्या आणि शेजाऱ्याला वाटलं त्यालाच घातल्या. अन्नाचा वास आला तरी पोटात ढवळायचं. शालननंही जेवण टाकलं होतं. डोक्याला फडकं घट्ट आवळून ती जत्रेसाठी घर सारवत होती आणि मधेच भिंतीला टेकून डोळे मिटून बसत होती. मी मनात म्हणालो, बघा, नवऱ्याची केवढी काळजी! खरं सांगतो, जरा बरंही वाटलं.

“अगं, एकच घेऊ दे,” मी म्हणायचो. “अर्धी. चिमणीच्या दाण्याएवढी.”

“आजचा दिवस काढू,” ती म्हणायची. “उद्याचं उद्या बघू.”

असं करत करत मैदानाचा दिवस उजाडला, तो माझं डोकं शंभर हलग्यांच्या तालावर नाचवतच.

आमच्या बोरशिंग्याचं मैदान म्हणजे गंमत नव्हे. ओढ्याच्या काठाला लाल मातीचा हौदा, तिन्ही बाजूंनी उतरत्या बांधावर माणूस नुसता मुंगीसारखा. चौथ्या बाजूला शाळा, तिच्या गच्चीवर बायाबापड्या. मी व्यासपीठावर. उजवीकडं आप्पा मगदूम फेटा बांधून, डावीकडं विश्वजित गॉगल लावून. आणि पायथ्याशी भिका आवळे हलगी घेऊन. भिकानं पहिली टिपरी मारली आणि माझ्या डोळ्यांतनं पाणीच आलं.

तरी लहान कुस्त्या कशाबशा निभावल्या. लोकांना वाटलं मी भावनेनं गहिवरलोय.

आता आमच्याकडं एक रीत आहे. कुस्ती आवडली की माणूस उठतो, व्यासपीठाजवळ येतो आणि पहिलवानासाठी निवेदकाच्या हातात इनाम ठेवतो. ते इनाम देणाऱ्याच्या नावासकट माईकवर सांगायचं. नोट हातात पडली की नाव तोंडातून गेलंच पाहिजे. नाव राहिलं तर तो माणूस पुढच्या जत्रेपर्यंत बोलत नाही. इतक्या वर्षांत माझ्या हाताला आणि तोंडाला अशी सवय लागलेली, की मधे डोक्याची गरजच नाही.

संपतराव शिणगारे माझा जुना दोस्त. माझं तोंड बघून त्याला दया आली. तो हळूच वर आला, माझ्या हातात काहीतरी ठेवलं आणि कानात म्हणाला, “घे गपचिप.”

हातात पडलं, तोंडातून गेलं.

“बोरशिंग्याचे प्रगतशील द्राक्षबागायतदार, कुस्तीचे दिलदार आश्रयदाते, संपतराव शिणगारे यांच्याकडून… डोकेदुखीची एक गोळी!”

मग जो हशा उसळला! हौद्यातले दोन पहिलवान एकमेकांची मानगूट सोडून हसायला लागले. संपतचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माईकवर नाव आल्यामुळं मनातून खूशही दिसला.

इथं थांबलं असतं तर ठीक. पण संपतचं नाव आलं म्हटल्यावर त्याचा चुलतभाऊ जालिंदर गप्प बसतोय होय? दोघांत शेताच्या बांधावरनं वाद. जालिंदर तरातरा आला आणि दोन गोळ्या ठेवल्या. “माझ्या दोन. मोठ्यांदा सांग.” सांगितल्या. मग वरच्या आळीचा एक अख्खं पाकीट घेऊन आला. खालची आळी मागं राहील? त्यांनी बामची बाटली दिली. कुणी लिंबू दिलं, कुणी सुंठ, कुणी तपकीर. एक म्हातारा आला आणि म्हणाला, “माझ्याकडं गोळी नाही, पण माझं नाव घे.” तेही घेतलं. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हे सगळे लोक गोळ्या आणायला घरी गेले नव्हते. ज्याच्या त्याच्या खिशातच होत्या.

माझ्यापुढं ढीग लागला. उपाशी माणसापुढं पंगतीचं ताट वाढावं, तसा.

तेवढ्यात शेवटच्या जोडीची वेळ झाली. पहिल्या नंबरची कुस्ती. दोन्हीकडचे नावाजलेले मल्ल शड्डू ठोकत हौद्यात उतरले. भिकानं हलगी कडाडून सोडली, भोंगा कर्रकन वाजला आणि माझ्या डोक्यात वीज कोसळली. शब्द फुटेना.

आप्पा वाकले आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, “सर्जा, गोळी घे, न्हाईतर माईक दे. मला मैदान वाया घालवायचं न्हाई.”

विश्वजितनं गॉगल काढला.

मी एक गोळी उचलली. खोटं कशाला बोलू? फोडलीसुद्धा. तळहातावर घेतली. तोंड आणि हात यांत वीतभर अंतर उरलं. नजर सहज वर गेली. शाळेच्या गच्चीवर सगळ्या बाया बसलेल्या, एक शालन तेवढी उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, कठडा दोन्ही हातांनी धरलेला. तिनं हात केला नाही, मान हलवली नाही. नुसती उभी होती. इतक्या लांबून तिचा चेहरा काय दिसणार? पण माझ्या कानात आलं, आजचा दिवस काढू.

मी गोळी खाली ठेवली आणि माईक तोंडाशी नेला.

“मंडळी,” मी म्हणालो, “तुमचं प्रेम डोक्यावर घेतो, पण गोळ्या घेता येत न्हाईत. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ह्याच गोळ्यांनी माझं डोकं दुखतंय. खाऊन खाऊन दुखाया लागलंय. आज सहावा दिवस हाय. मला वरडता येत न्हाई. भोंगा बारीक करा. भिकाआण्णा, हलगी थांबवा. ही कुस्ती मी हळू सांगणार.”

“हलगीबिगर कुस्ती? मयताला आलोय का आम्ही?” बांधावरनं कुणीतरी ओरडलं. गलका झाला. विश्वजित उठून उभा राहिला. आप्पांनी माईकसाठी हात पुढं केला.

तेव्हा हौद्याच्या कडेला बसलेले गणपा वस्ताद काठी टेकत उठले. वय झालेलं, पण गावात शब्द त्यांचा. ते म्हणाले, “आप्पा, आमच्या टायमाला कुठं हुता भोंगा? बोलू दे त्येला. ज्येला ऐकायचंय त्यो गप बसंल.”

आप्पांचा हात मागं गेला. भिकानं हलगी मांडीवर उलटी ठेवली.

आणि मी सांगायला लागलो. घरात बसून सांगावं तसं. “आता लाल लांगवाला वाट बघतोय… डावा पाय पुढं आलाय… देऊ नको रे पाय, देऊ नको… धरला.” ऐकू यावं म्हणून पुढची रांग गप्प झाली. पुढची गप्प झाली म्हणून मागची झाली. बघता बघता एवढं मोठं मैदान असं चिडीचूप झालं, की मातीवर पाय घासल्याचा आवाज यायला लागला. पहिलवानाचा श्वास ऐकू यायला लागला. मानेवर पडलेली थाप, दातांतला हुंकार. आयुष्यभर मी कुस्ती सांगत आलो, पण माझ्याच आवाजाखाली ती मला कधी ऐकू आली नव्हती. कुस्ती लांबली. घिस्सा झाला, तो सुटला. ढाक लागता लागता राहिली. मग निळ्या लांगवाल्यानं अंगाखाली शिरून जे उचललं…

“गेला,” मी एवढंच म्हणालो. “चितपट. निळा.”

निकाल बरोबर होता. त्यानंतर जो आरडाओरडा आणि टाळ्या झाल्या, त्यांनी माझं डोकं जेवढं फुटायचं राहिलं होतं तेवढंही फुटलं. पण अहो, काय सुख होतं ते फुटण्यात! विश्वजित पोरगा चांगला. आपण होऊन आला आणि पाया पडला. आप्पांनी माईक माझ्या हातातच राहू दिला आणि फेटा सारखा करत इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, “त्या मिरजेच्या डॉक्टरांचा पत्ता दे जरा. एका पाव्हण्याला पायजे.”

तो पाव्हणा आम्हाला महिन्याभरानं दवाखान्याच्या बाकावर भेटला. आप्पा स्वतःच. शेजारी संपत, त्याच्या पलीकडं जालिंदर. पहिल्यांदाच भांडण न करता एका बाकावर बसलेले. मला बघून तिघांनीही छताकडं बघितलं.

आत गेलो. मी मोठ्या टेचात सांगितलं, “मॅडम, मैदान मारलं. पंधरवड्यानंतर उतरायला लागलं. गेल्या आठवड्यात एकदाच दुखलं, तेही घटकाभर. गोळीला शिवलो न्हाई!”

“शाब्बास,” त्या म्हणाल्या. “पुढं कधी फारच दुखलं तर एखादी चालेल, पण आठवड्यात दोनदाच्या वर नाही.” आणि मान वळवून म्हणाल्या, “आणि तुमचं कसं आहे, शालनताई?”

“बरं हाय आता,” शालन म्हणाली.

“हिला काय झालंय?” मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. “यांना सांगितलंच नाहीत?”

शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. मी बाहेर कंपाउंडरला कुस्ती ऐकवत होतो, तेव्हा शालननं विचारलं होतं, की बायकांचंही असंच असतं का. तिचं डोकं माझ्याही आधीपासून दुखत होतं. तीही रोज गोळ्या घेत होती. “त्यांनीही त्याच दिवशी सोडल्या. मी म्हटलं होतं, तुमच्या घरी मैदान आहे, पाहुणे आहेत, तुम्ही नंतर सोडा. तर म्हणाल्या, ते एकटे नाही टिकायचे.”

जत्रेच्या पाव्हण्यांना तिनं थापलेल्या भाकरी डोळ्यांपुढं आल्या. गच्चीवर कठडा धरून उभी राहिली होती, ती मला धीर द्यायला उभी होती असं मी समजत होतो. तिला स्वतःलाच आधार पाहिजे होता.

“अगं, मला सांगायचं न्हाई?” मी म्हणालो.

“कधी सांगू? तुमचं दुखाया लागलं, की सगळ्या गल्लीला कळायचं. त्यात माझं कुठं काढू? आणि दोघं बी आडवं झालो असतो, तर भाकरी कुणी केल्या असत्या? आप्पा मगदूमनी?”

डॉक्टरीणबाई हसल्या, शालन हसली. मला हसू यायच्या आधी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मिरजेच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं. मी तिला रसवंतीतून उसाचा रस आणून दिला. सावलीची बाजू तिला दिली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “शालन, आत्ता दुखतंय का गं?”

एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो. तीही जरा चमकली. रसाचा ग्लास खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

“आत्ता न्हाई,” ती म्हणाली. “पण तुम्ही असं हळू बोलाया लागलासा, तर काळजीनं दुखाया लागंल.”